पाचशे रुपयांच्या आतली बासरी निवडताना

ठाण्यात तलावपाळीच्या काठी सुट्टीच्या संध्याकाळी बासऱ्यांचा जुडगा घेऊन फिरणारे विक्रेते दिसतात आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण उत्तम वाजवतात. ते ऐकून बासरी घेतली जाते, आणि घरी आल्यावर ती आपल्या हातात तशी बोलत नाही. याचे कारण केवळ आपला कच्चा हात एवढेच नसते. मुरलेला वादक ओठांचा कोन आणि फुंकरीचा जोर किंचित बदलून बेसूर बासरीही सुरात आणू शकतो, आणि हे तो इतक्या सहजपणे करतो की त्याचे त्यालाही जाणवत नाही. म्हणून विक्रेत्याचे वादन हा बासरीच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून मी धरत नाही. फार तर त्या नळीतून आवाज निघतो एवढेच त्यातून कळते.

स्वस्त बासरी म्हणजे वाईट बासरी असे मात्र मुळीच नाही. उत्तर प्रदेशातील पिलिभीत हे बासरी बनवण्याचे जुने केंद्र आहे आणि तेथील कारागीर आसामकडून येणारा पातळ सालीचा, लांब पेरांचा बांबू वापरतात. महागड्या बासरीचा बांबूही बहुधा त्याच प्रदेशातला असतो. किमतीतला फरक मुख्यतः कारागिराने त्या एका नळीवर घालवलेल्या वेळेचा असतो. महागड्या बासरीत प्रत्येक छिद्र थोडे थोडे मोठे करत, वाजवून पाहत स्वर लावलेला असतो. स्वस्त बासरीत नमुन्याच्या मापावरून खुणा करून तापलेल्या सळईने छिद्रे पाडली जातात. बांबूची पोकळी मात्र प्रत्येक नळीत निराळी असते. पोकळी थोडी जास्त रुंद निघाली तर तेवढ्याच अंतरावरचे छिद्र स्वर उतरवते, अरुंद निघाली तर चढवते. त्यामुळे एकाच जुडग्यात एक बासरी उत्तम सुरात आणि शेजारची ऐकवत नाही अशी, हे नेहमी घडते. स्वस्तातली खरेदी ही म्हणून निवडीची गोष्ट आहे, आणि जो विक्रेता पाच-सहा बासऱ्या हाताळू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाजवण्यापूर्वी डोळ्यांनी आणि बोटांनी बरेच कळते. फुंकरीच्या छिद्राची कड नखाने चाचपून पाहावी: ती स्वच्छ आणि धारदार हवी, जळून ठिसूळ झालेली किंवा कूस निघालेली नसावी, कारण हवेचा झोत त्याच कडेवर दुभंगतो आणि आवाजाचा सारा पोत तेथेच ठरतो. उघड्या टोकातून आत मोबाइलचा प्रकाश टाकला की आतला खरखरीतपणा दिसतो. बंद टोकाकडे बूच असेल तर त्याच्या आतल्या बाजूपासून फुंकरीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारणपणे पोकळीच्या व्यासाइतके असावे. बूच असल्यास ते पुढेमागे सरकवता येते. बांबूचे नैसर्गिक पेरच बंद टोक म्हणून राखलेले असेल तर कारागिराने जे केले ते कायमचे. चीर बांबूच्या तंतूंच्या दिशेने जाते, म्हणून बासरी उजेडात गोल फिरवत लांबीच्या रेषेत पाहावी, आणि दोऱ्याच्या गुंडाळीखाली काही झाकलेले नाही ना हेही पाहावे. दोरा मुळात चीर पडू नये म्हणूनच बांधतात, पण तो पडलेल्या चिरेवरही बांधता येतो. पॉलिश, रंगीत गोंडे आणि कोरीव नक्षी यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

आता स्वरांची परीक्षा. सहा छिद्रांच्या हिंदुस्थानी बासरीत वरची तीन छिद्रे बंद केली की सा, सहाही बंद केली की मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम, आणि सगळी उघडी ठेवली की तीव्र मध्यम मिळतो. प्रथम सहाही छिद्रे बंद करून हलकी फुंकर घालावी. पंचम फुटका किंवा अजिबात न येणारा असेल आणि बोटे नीट बसलेली असतील, तर कोठेतरी हवा गळते आहे. नंतर बोटे न हलवता फुंकर जोरात घातली की मध्य सप्तकातला पंचम यायला हवा. सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच आहे, आणि सा व तार सा यांच्या बाबतीत ती पुन्हा करून पाहावी. मोबाइलवरचा ट्यूनर, म्हणजे स्वर किती चढा-उतरा आहे ते काट्याने दाखवणारे ॲप, हार्मोनियमच्या काळ्या धरून दोन सलग पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग करतो आणि त्यांना सेंट म्हणतो. दोन सप्तकांतल्या एकाच स्वरात दहा-पंधरा सेंटचा फरक फुंकरीने सांभाळता येतो. तीस-चाळीस सेंटचा फरक असेल तर बासरी परत ठेवावी. एखादा सुटा स्वर उतरलेला असेल तर ते छिद्र बारीक कानशीने थोडे मोठे करता येते, चढलेला असेल तर कडेला मेण लावून उतरवता येतो. सप्तकांचे नातेच बिघडलेले असेल आणि बूच सरकवूनही ते जुळत नसेल, तर मात्र घरी काही होत नाही.

ही परीक्षा करताना ट्यूनरच्या काट्याकडे पाहत वाजवू नये. काटा दिसला की ओठ आपोआप स्वर दुरुस्त करू लागतात. डोळे मिटून एकसारखी फुंकर ठेवावी आणि सोबत्याला काटा वाचायला सांगावे. शिवाय बासरी आधी दोन मिनिटे फुंकून गरम करावी, कारण हवेचे तापमान एका अंशाने वाढले की स्वर सुमारे तीन सेंट चढतो. वातानुकूलित दुकानात थोडी उतरलेली वाटलेली बासरी मे महिन्यात घरी बरोबर लागू शकते. संपूर्ण बासरीच सारख्या प्रमाणात चढलेली किंवा उतरलेली असेल तर एकट्याच्या रियाजाला त्याची अडचण नाही, तंबोऱ्याचे ॲप तेवढे सरकवता येते. हार्मोनियमबरोबर वाजवायचे असेल तर मात्र तो दोष ठरतो.

ज्यांना अजून फुंकरच येत नाही त्यांनी वाजवणारा माणूस सोबत न्यावा, आणि बासरी त्याच्या नव्हे तर स्वतःच्या बोटांच्या मापाने निवडावी. पन्नालाल घोष यांनी मैफलीत रुजवलेली लांब बासरी पाहून पुष्कळांना पांढरी तीनची, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेली, सुमारे तीस इंचांची बासरी हवी असते. नवशिक्याची बोटे त्या छिद्रांवर पसरत नाहीत आणि गळणाऱ्या हवेचा दोष बासरीला लागतो. पांढरी एकची मध्यम लांबीची बासरी, साधारण एकोणीस इंचांची, सुरुवातीला पुरते. पीव्हीसीच्या नळीची बासरी दिसायला ओबडधोबड असली तरी तिची पोकळी एकसारखी असते आणि ती पावसाळ्याला दाद देत नाही, त्यामुळे शाळकरी मुलासाठी मी ती बिनदिक्कत सुचवतो. जत्रेत मिळणारी, शिट्टीसारख्या तोंडाची उभी बासरी हे निराळे वाद्य आहे.

ऑनलाइन घ्यायची असल्यास विक्रेत्याकडून त्याच बासरीवर दोन्ही सप्तकांतले सा आणि पंचम लांब धरून वाजवलेला व्हिडिओ मागावा. धून वाजवलेला व्हिडिओ आला तर तो पुन्हा मागावा. पट्टी लिहिताना वरची तीन छिद्रे बंद असतानाचा स्वर धरला आहे की सहाही बंद असतानाचा, हेही विचारून घ्यावे, नाहीतर पांढरी एक म्हणून मागवलेली बासरी भलत्याच पट्टीची निघते. आणि परत करण्याची मुदत असेल तर आल्या दिवशीच तपासावी, कारण तेल लावलेली किंवा कानशीने घासलेली बासरी कोणी परत घेत नाही.