पावसाचा खाडा

आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्याला जे कॅलेंडर लटकतं, त्यावर हक्क आईचा. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, सगळं त्या चौकोनांत. आणि जून ते ऑक्टोबरच्या पानांवर, बारीक शिसपेन्सिलीने, पावसाचाही खाडा. संगमेश्वराकडचं गाव सोडून तिला तीस वर्षं झाली, भाताचं शेत चुलतभाऊ बघतो; पण पावसाची हजेरी अजून हिच्याकडेच.

तिच्या तोंडी नुसता 'पाऊस' क्वचितच येतो. सूर्य ज्या नक्षत्रात, त्याचं नाव पावसाला: तो मृगाचा असतो, नाहीतर आर्द्राचा. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा, आणि यंदा सासू जास्त बरसली की सून, यावर गावात आठवडाभर गप्पा. हस्ताचा म्हणजे हत्तीचा. त्याच दिवसांत पाटावर हत्ती काढून आम्ही भोंडल्याचा फेर धरायचो. एवढी नाती लावल्यावर त्या पावसावर रागावताही येतं. अनोळखी माणसावर कोण रुसतं?

नक्षत्रांना वाहनंही असतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं. बाकी तीन उरली तर बेडूक, सात उरली तर म्हैस, काहीच नाही उरलं तर हत्ती. या तिन्ही वाहनांवरून येणारा पाऊस भरपूर. दोन उरले तर कोल्हा, आणि मग आभाळाकडे बघत बसा. यात विज्ञान नाही हे मी आईला अनेकदा सांगून पाहिलंय. ती म्हणते, ''तुझ्या मोबाइलमधला ढग तरी कुठे रोज खरा बोलतो?''

मला या पंचांगातली खरी गंमत निराळीच वाटते. नक्षत्रांच्या तारखाही सरकतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका डुलण्याला सुमारे २६ हजार वर्षं. त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे जातो. आजीच्या लहानपणी बहुधा ७ जूनला लागणारं मृग आता बहुतेकदा ८ ला लागतं. आकाश हलतंच, पण एका आयुष्यात एक दिवस. एवढं कुठलंही घर सांभाळून घेतं.

हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत तो यायचा १० जूनला, ते झालं ११. पण निघायचा २९ सप्टेंबरला, ते झालं ८ ऑक्टोबर. एकदम नऊ दिवस! सगळंच खापर तापमानवाढीवर फोडू नये. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या, मोजक्या केंद्रांच्या नोंदींवरून बसवलेल्या होत्या. तरी पाहुणा हस्ताच्या दारातून निघायचा, तो आता हस्त संपत आलं तरी पाय पसरून बसलेला. शेतात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार असतं तेव्हा. ते आडवं पडलं, पाण्यात राहिलं की लोंबीतच कोंब फुटतो. चुलतभावाचा फोन आला की आई नुसतं ''किती?'' विचारते. मग गप्प.

मांडणीतले डबे पुसायला काढले की खाली अंथरलेली जुनी पानं दिसतात. आई कॅलेंडरं टाकत नाही, फळ्यांवर घालते. गोड्या मसाल्याच्या डब्याखाली मला २००५ चा जुलै सापडला. २६ तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. नक्षत्र पुष्य. आईने लिहिलंय, 'म्हाताऱ्याने घात केला.' डागाळलेल्या त्या चौकोनाकडे बघताना एक अंशाचं गणित आठवलं: हवा तेवढी तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. खांद्यावरची घागर मोठी होत जाते, आणि म्हातारा ती एकदमच उपडी करतो.

२०२५ चं पान मात्र भिंतीवर असतानाच वाचलं होतं. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोचला, नोंदी सुरू झाल्यापासून सगळ्यात लवकर. रोहिणी लागून जेमतेम दुसरा दिवस. लोणच्याच्या कैऱ्या फडक्यावर पसरलेल्या, त्या आईने धावत आत घेतल्या आणि पेन्सिल शोधायला लागली. हा कुठला पाऊस? रोहिणीत येतो तो वळीव, गडगडून जाणारा. हा तर चांगला बिऱ्हाड घेऊन आलेला. बराच वेळ पेन्सिल हातात धरून तिने शेवटी चौकोनात लिहिलं: 'आगाऊ'.

''म्हणजे वेळेआधी आलेला की शहाणपणा करणारा?'' मी विचारलं.

''दोन्ही,'' ती म्हणाली.

मग तो थबकला. पंधरवडाभर घोडं अडलं. 'पेरणीची घाई करू नका' असं कृषी खातं सांगत राहिलं. ८ जूनला मृग लागलं, वाहन कोल्हा. ''बघ,'' म्हणत आई विजयी मुद्रेने माझ्याकडे वळली. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने कैऱ्यांचं फडकं पुन्हा गॅलरीत पसरलं, आणि मृगाच्या चौकोनात, दुधाच्या फुलीशेजारी, दुसरी फुली मारली.