पानगळीचा वसंत

फाल्गुनातली दुपार. गच्चीवर एका कडेला कुरडया वाळताहेत आणि देशी बदामाचं एक तांबडं पान फरशीवरून खर्र खर्र करत सरकतंय. थांबतं, वारा आला की पुन्हा दोन हात पुढे. पाडव्याच्या सुमाराला ज्यांना बागेची सुरसुरी येते, त्यांनी सगळ्यात आधी हे पान उचलून पिशवीत टाकावं. बियांचं पाकीट फोडायची घाई नाही.

‘वसंतात पेरा’ हा सल्ला मुळात जिथे मार्चमध्ये बर्फ वितळतो तिथला. आपला वसंत झाडांचा. पळस, पांगारा, सावर अंगावर एक पान नसताना फुलतात, कारण त्यांची मुळं खोल गेलेली असतात. कुंडीतल्या मिरचीच्या मुळांना बारा इंचांवर प्लास्टिकचं बूड लागतं. तिच्या दृष्टीने हा वसंत वगैरे काही नाही, उन्हाळ्याची सुरुवात आहे. शेतकऱ्याचं वर्षसुद्धा मृगापासून सुरू होतं; चैत्रात हिरवं राखायचं तर विहीर तरी हवी, नाहीतर मोरी.

मोरीचं पाणी! वाड्यांच्या मागे त्या एका पन्हळीच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि केळ अशी काही माजायची की कुणी बाग केली म्हणावं तर कुणीच केलेली नसायची. पण ती मोरी राखेची आणि शिकेकाईची होती. आताचं भांड्यांच्या पावडरीचं पाणी कुंडीत घातलं, तर महिन्याभरात काठावर पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपतात. डाळ-तांदळाचं धुवण मात्र खुशाल घालावं, त्याच दिवशी. शिळं घातलंत तर चिलटं आलीच म्हणून समजा.

तर पानं. पानांचा विषय निघाला की मला थांबवत नाही. मातीने भरलेली वीस लिटरची बादली भिजली की तिशी ओलांडते, म्हणजे तीस किलो. अशा पंधरा बादल्या बाल्कनीत मांडणाऱ्यांचं मला कौतुक कमी आणि धास्ती जास्त वाटते. तीच बादली खालून अर्धी पानांनी भरली, तर वजन निम्म्यावर येतं. बुडाला पाच-सहा भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग पानं हाताने चुरून, पाणी शिंपडून, पायाने दाबून. नुसती टाकलेली पानं म्हणजे हवा. पंधरा दिवसांत रोप खड्ड्यात बसतं. दाबलेलीही दोन महिन्यांत तिसरा हिस्सा खचतातच, म्हणून वरून भर घालायला मिश्रण राखून ठेवावं. वरच्या अर्ध्या भागात दोन वाटे पोयटा, म्हणजे गाळाची माती, दोन वाटे कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक वाटा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि बादलीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पिळून घ्यावी, त्यात खार असतो. शिवाय ते वरून सुकं दिसतं आणि खाली चिंब असतं. बोट दोन पेरं आत घालून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

कच्ची पानं कुजताना मातीतलं नत्र खातात आणि वरचं रोप पिवळं पडतं. लोक म्हणतात, ऊन लागलं. ऊन नाही, उपासमार. त्यावर शेणपाणी: दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस सावलीत, दिवसातून तीनदा ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. पानं भरण्याआधी त्यात रात्रभर बुडवून काढली तर फारच उत्तम. शिरीष आणि गुलमोहराची पानं लवकर मुरतात. बदाम, फणस जाड, चिवट. त्यांना चुरल्याशिवाय गत्यंतर नाही. निलगिरीची घेऊच नयेत. यात नवं काही नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गोतावळ्यातून पालापाचोळ्याची माती करण्याचा ध्यास घेतला होता, मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या काढत. आपण मात्र रोपवाटिकेतून पोत्याने लाल माती विकत आणतो आणि पानं कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

आता पेरणी. मार्चात टोमॅटोची रोपं आणणाऱ्याला कुणी अडवत का नाही, हे मला कळलेलं नाही. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्री पंचविशीच्या आसपास राहिला की पराग निकामी होतात, फुलं देठासकट गळतात. मग खत, मग औषध, मग रोपवाटिकेवाल्याला शिव्या. कोथिंबीर, मेथी, पालकाचीही हीच गत. चार पानं आली की फुलोऱ्यावर जातात. उन्हाला न घाबरणारी मंडळी वेगळी: भेंडी, गवार, चवळी, माठ आणि सगळे वेल.

लाल माठ सहा इंच खोल ट्रेमध्येही येतो. बी अगदी बारीक, चौपट कोरड्या वाळूत कालवून भुरभुरावं आणि वर मातीचा जेमतेम पदर द्यावा. झारीने हलकं पाणी. पाइपाने मारलंत तर सगळा माठ एका कोपऱ्यात उगवेल. उगवलाच नाही, तर बियाण्याला दोष देण्याआधी मुंग्यांची रांग कुठे चाललीय ते पाहावं. महिन्याच्या आत पहिली खुडणी होते.

भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं, बोटाच्या एका पेराएवढं खोल लावायचं. बारा इंची कुंडीत तीन बिया लावून एकच रोप राखावं. उपटायचा जीव होत नाही, पण तिन्ही ठेवली तर तिन्ही काटकुळी होतात. परभणी क्रांती हा वाण केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या रोगाला, बऱ्यापैकी तोंड देतो. रोग दिसलाच तर झाड उपटावं. पांढरी माशी तो शेजारच्या झाडावर नेते. पहिली भेंडी दीड महिन्यात, मग एक दिवसाआड तोडणी. एक जरी निबर होऊ दिली तरी झाडाला वाटतं, झालं आपलं काम. चौघांच्या भाजीला आठ तरी झाडं हवीत, नाहीतर रोज तीन भेंड्या फ्रीजमध्ये साठवत बसावं लागतं. गवारीत पुसा नवबहार सरळसोट वाढते, फांद्या करत नाही, त्यामुळे कुंडीला बरी. तिला नत्राचं खत घालू नये, नुसती पाला करते.

वेलाला वीस लिटरचा डबा, एका डब्यात एकच. आठ-दहा दिवस नुसती नरफुलं येतात आणि गळतात. ती गळायचीच. मादीफुलामागे बोटाएवढं चिमुकलं फळ असतं, लांबूनही कळतं. तेच पिवळं पडून गळालं तर समजावं, परागीभवन झालेलं नाही. खत वाढवून उपयोग शून्य. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, मधमाश्या असतात, निभतं. दोडका आणि दुधी मात्र दिवेलागणीला फुलतात, आणि त्या वेळी सातव्या मजल्यावर पतंग कुठून यायचा? एक नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या, केसर मादीफुलाच्या मधोमध अलगद फिरवायचा. एका नरात दोन माद्या होतात. हे काम उद्यावर ढकलता येत नाही. उद्या सकाळी ते फूल मिटलेलं असतं. शहरात या घडीला असे किती लोक दुधीचं लग्न लावत उभे असतील, देव जाणे. मालिका सुरू व्हायच्या वेळीच.

फुलांचं थोडक्यात. झिनिया बी टाकून पाचव्या दिवशी वर येतो, वीतभर झाला की शेंडा खुडायचा, पानांवर पाणी टाकायचं नाही, भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. चिनी गुलाबाची चार बोटं लांब काडी नुसती खोचली तरी लागते. सावलीत मात्र तो हटकून रुसतो. मोगऱ्याची छाटणी माघातच व्हायला हवी होती. राहिली असेल तर आता कात्री लावू नका, शेणखत घाला, पाच-सहा तास ऊन द्या; पहिला बहर संपला की दोन पानं खाली खुडा, नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतील.

मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाजूने ५० टक्क्यांची हिरवी जाळी. कुंड्या फरशीवर टेकवू नयेत, खाली विटा. काळ्या कुंड्यांना बाहेरून चुना किंवा गोणपाट. पाणी सकाळी आठच्या आत. एप्रिलात बारा इंची कुंडी दिवसाला लिटर-दीड लिटर पिते. पाइपातलं पहिलं पाणी चहाइतकं तापलेलं असतं, ते आधी सोडून द्यायचं. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला की लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब पातळ साबण, उन्हं उतरल्यावर. दुपारी फवारलंत तर कीड राहील आणि पानं भाजतील. आणि मातीवर दोन बोटं जाडीचं आच्छादन. कशाचं? पानांचंच.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला दंड पाच हजार रुपये. फाल्गुनातली ही दुपार कलते, खाली सोसायटीच्या कोपऱ्यात खराट्याचा आवाज थांबतो. बदाम, शिरीष, आणि त्या दोन गुलमोहरांची मिळून चार-पाच पोती पानं असावीत. निम्मी तरी मागून आणावीत म्हणून रिकामी पोती शोधेपर्यंत गच्चीच्या कठड्यावरून धूर वर येतो.