खांबावरच्या रेघा

घराचा व्यवहार जवळपास ठरला होता. मग घेणाऱ्याच्या इंजिनिअरनं अहवाल दिला की गच्ची धोक्यात आहे. दिवाणखान्यातून सरळ पुढे, खाली एकही खांब न देता तीन मीटर बाहेर काढलेला स्लॅब, आणि त्याची कड 24 मिलिमीटर खाली आलेली. अशा झोलाला नियमावल्या साधारणपणे लांबीच्या 250व्या भागापर्यंत मुभा देतात, म्हणजे इथे 12 मिलिमीटर. दुप्पट झोल ऐकल्यावर घेणारा घाबरला यात नवल नाही. एक तर गच्ची तोडा, नाहीतर कडेखाली दोन खांब द्या, असं त्याचं म्हणणं. आर्किटेक्टनं ज्या एका गोष्टीसाठी ते घर तसं बांधलं होतं, नेमकी तीच मोडायची.

चाळीसेक वर्षं त्या घरात राहिलेले काका नुकतेच गेले होते. त्यांच्या मुलीचा फोन आला, "मॅडम, बाबा तुम्हालाच बोलावायचे. एकदा बघून जा, मग काय ते ठरवू."

काकांची आणि माझी ओळख गळतीमुळे झाली. सपाट छपराच्या घराचा मालक आणि माझ्यासारखी स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची गाठ बहुधा तशीच पडते. पेशानं ते हिशेबनीस. पहिल्या भेटीत वॉटरप्रूफिंगवाला सांगत होता की जुना थर राहू दे, त्यावरच नवा चढवू, काम लवकर होईल. काकांनी एवढंच विचारलं, "वजन किती वाढेल?" त्याला सांगता येईना. मी तिथल्या तिथे हिशेब केला: दहा सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर. काका म्हणाले, "मग आधी जुना काढा. पैसे जास्त लागतील, लागू देत." पुढे प्रत्येक वेळी त्यांनी हेच करायला लावलं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे तीन-तीन थर एकमेकांवर बसलेत आणि छपराला आपलं स्वतःचं ओझं पेलवेनासं झालंय. काकांच्या गच्चीच्या कडेला कुणी कुंडीसुद्धा ठेवायची नाही, असा दंडक होता. पाहुण्यांना तो चक्रमपणा वाटायचा. मला ते 'इंजिनिअरीणबाई' म्हणत आणि मी छपरावर असेपर्यंत छत्री घेऊन मागे उभे राहत.

नामवंत आर्किटेक्टचं घर मिळणं आणि त्यात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिसजवळच्या व्हिला साव्हॉयचे फोटो वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पाहिलेले असतात. पण मालकीणबाई घराच्या आर्किटेक्टला, ल कोर्ब्युझिएला, पत्रांवर पत्रं लिहीत होत्या की पाऊस घरात येतोय. ते कुटुंब 1940मध्ये घर सोडून गेलं. आपण मात्र अजूनही फोटोच बघतो.

गेल्यावर मी आधी ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावायला जागा शोधत होते. सकाळची वेळ, ऊन अजून गच्चीवर आलं नव्हतं. काचेच्या दारालगत आत एक उघड्या काँक्रीटचा खांब आहे. त्याला कधी रंग लागला नाही, प्लास्टर नाही. त्यावर छातीएवढ्या उंचीला पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा दिसल्या, मुलांची उंची मांडावी तशा एकावर एक. शेजारी बारीक अक्षरात तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे 'स. 7'. वरच्या रेघा सुट्या सुट्या होत्या, खाली मात्र इतकी दाटी की भिंग लावावं लागलं.

"ही तुमची उंची?" मी सहज विचारलं.

काकांची मुलगी हसली नाही. "माझी उंची कुणी लिहून ठेवली नाही. ही घराची आहे." मग तिनं कोठीतून पारदर्शक पाइपचं वेटोळं आणून टेबलावर ठेवलं. गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप. दर पावसाळ्याआधी एका सकाळी बाप-लेकीचं हे काम असायचं. पाइप पाण्यानं भरायचा, बुडबुडे काढायचे. बाहेर गच्चीच्या कठड्यात कडेशी एक पितळी स्क्रू ठोकलेला, तिथे तिनं पाइपचं टोक धरून पाणी बरोबर स्क्रूला भिडवायचं. आत काकांनी खांबापाशी दुसरं टोक धरून पाणी जिथे ठरेल तिथे रेघ मारायची. कड जितकी खचेल तितकी रेघ खाली.

मी स्टीलची पट्टी लावली. पहिल्या रेघेपासून पुढच्या वर्षीची रेघ 9 मिलिमीटर खाली. त्यानंतर 3, मग 2, मग एकेक. शेवटच्या रेघेपर्यंत सगळे मिळून 17, आणि शेवटच्या बारा वर्षांच्या रेघा तर मिलिमीटरभराच्या पट्ट्यात. पाण्याच्या पाइपची अचूकता याहून फार नसतेच. उरलेले 7 मिलिमीटर काका राहायला येण्याआधीचे: टेकू काढताना आलेले, किंवा शटरिंगच, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचाच, तेवढं झुकलेलं असणार.

काँक्रीट असंच वागतं. वजन कायम राहिलं तर ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं. बराचसा झोल पहिल्या काही वर्षांत येतो, मग वेग मंदावतो. स्लॅब निकामी होत असता तर हा वेग वाढता दिसला असता. घेणाऱ्याच्या इंजिनिअरकडे एकच आकडा होता, आणि एका आकड्यावरून स्लॅब खाली आलाय एवढंच कळतं, अजून येतोय की थांबलाय ते नाही. त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याच्या जागी मीही घाबरले असते.

माझ्या डोळ्यांसमोर कॉफमन आले. पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटनं बांधलेल्या 'फॉलिंगवॉटर'चे मालक, पिट्सबर्गचे दुकानदार. 1936मध्ये मुख्य गच्चीखालचं शटरिंग काढल्याबरोबर ती पावणेदोन इंच खाली बसली. राइट बिनधास्त होता, कॉफमन नव्हते. 1955मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अधूनमधून सर्वेअर बोलावून गच्चीची पातळी मोजून घेत राहिले. 1990च्या दशकात इंजिनिअरांनी तपासलं तेव्हा कड सुमारे 7 इंच खाली होती आणि हालचाल थांबलेली नव्हती. शेवटी 2002मध्ये पोलादी केबल ताणून ती सावरली. म्हणजे रेघा मारल्यानं स्लॅब थांबत नाही. पण घाबरायचं केव्हा, ते कळतं.

म्हणून केवळ रेघांवर विसंबून सही करायची नाही असं मी ठरवलं. बाहेर काढलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. काँक्रीट ओतताना माणसं त्यांवर नाचली की सळ्या खाली दबतात आणि स्लॅबची ताकद घटते. काँक्रीटच्या आतल्या सळ्या किती खोल आहेत ते दाखवणारं कव्हर मीटर फिरवून पाहिलं, सळ्या जागेवर होत्या. भिंतीलगत वरून तडा नव्हता. कडेच्या खालच्या बाजूला, पाणी टपकतं तिथे, काँक्रीट फुगून एक सळई उघडी पडली होती. ते दुरुस्त करावंच लागणार होतं. दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा लेव्हल घेतली तर कड सकाळपेक्षा 2 मिलिमीटर खाली. वरचा पृष्ठभाग तापून प्रसरण पावला की टोक खाली झुकतं. काकांच्या 'स. 7'चा अर्थ तेव्हा पुरता ध्यानात आला. हे त्यांना कुणी शिकवलं होतं की दुपारचं मोजून गोंधळल्यावर स्वतःच उमगलं होतं, आता विचारणार कुणाला?

लेव्हल आवरत असताना मुलगी बोलायला लागली. "पाऊस सुरू झाला की बाबा आमचे नसायचे. रात्री बॅटरी घेऊन छत बघत फिरायचे. लोक यायचे, आर्किटेक्टचं नाव घ्यायचे, फोटो काढायचे. बाबा बाजूला उभे." मी तिला नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या त्रूस श्रोडर यांच्याबद्दल सांगितलं. आर्किटेक्ट रीटव्हेल्डबरोबर बसून त्यांनी आपलं घर आखलं, 1924मध्ये ते उभं राहिलं आणि 1985मध्ये जाईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. त्या घराला निदान त्यांचं नाव तरी आहे. ती म्हणाली, "बाबांना नाव नको होतं हो. गच्ची पडायला नको होती, बस." बोलण्यात राग होता, आणि तो तिनं लपवलाही नाही.

अहवालात मी रेघांचा तक्ता जोडला, तारखांसकट. घेणाऱ्याच्या इंजिनिअरनं फोन करून विचारलं, मोजमापं कुणी घेतली, त्यांची पात्रता काय. म्हटलं, मालकांनी, आणि तुम्ही स्वतः सकाळी सातला जाऊन पडताळा. तो गेला. माझ्या आकड्याशी त्याचा मिलिमीटरभरानं फरक आला आणि खांबांचा आग्रह त्यानं सोडला. सळईची दुरुस्ती, पाणी टपकायच्या खाचा नव्यानं, वर्षातून दोनदा लेव्हल, आणि जुना थर काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही, एवढ्या अटींवर व्यवहार झाला. नव्या मालकांनी पाइप मागितला होता, तो मुलीनं दिला नाही. त्यांना मी नवा घ्यायला सांगितलं. आतून निदान 8 मिलिमीटरचा घ्या, बारीक पाइपमध्ये बुडबुडे अडकतात.