पपनस नको म्हणतो तो माज नाही

दर चतुर्थीला गावी कोणीतरी विचारतंच, अरे प्रसादाचं पपनस आहे, दोन फोडी खाल्ल्यास तर काय होणारे? यंदा काकीने सगळ्यांसमोर विचारलं आणि मी नेहमीसारखा हसून उठलो. तर काकी, ऐक.

किडनी बदलली तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं, ग्रेपफ्रूट बंद. आम्ही घरी सगळ्यांनी ते द्राक्षं असं वाचलं. हसू नका, ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात बघितलंय कोणी? दोन वर्षं मी मनुकासुद्धा तोंडात टाकला नाही, आणि चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला टांगलेलं पपनस, म्हणजे ज्याच्या संकरातून ते ग्रेपफ्रूट झालं तेच फळ, मीठ-मिरची लावून पाच दिवस हाणलं.

सहाव्या दिवशी चहा बशीत ओतताना हात थरथरायला लागला. मला वाटलं जागरण. मग डोकं दुखायला लागलं, तेही जागरणावर ढकललं. मुंबईला आल्यावर सकाळच्या गोळीआधी रक्त दिलं, टॅक्रोची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची, रक्तातली लेव्हल ६ ते ८ हवी ती १७, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की वाढतो तो आकडा, १.३ चं १.९. डॉक्टर विचारतायत वेगळं काय खाल्लं, मी छातीठोक सांगतोय काही नाही, द्राक्ष तर शिवतही नाही! बायको हळूच म्हणाली, पपनस... डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा कळलं की आतड्यातलं जे एन्झाइम गोळीचा बराच भाग वाटेतच मोडून टाकतं, त्यालाच हे फळ निकामी करतं, मग औषध रक्तात जास्त उतरतं. एन्झाइम नवीन तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून "गोळीनंतर दोन तासांनी खा" हा सल्ला कृपया देऊ नका.

कागद नीट वाचायला हवा होता, मान्य. पण पपनस असा एक शब्द मराठीत लिहायला त्यांचं काय जात होतं? तरी खरं सांगायचं तर विचारायची लाज मलाच वाटली होती.

संत्रं-मोसंबी चालतं म्हणतात डॉक्टर. मी संत्रं खातो, मोसंबी नाही. कारण विचारू नका, नाहीये.

डोस कमी करून लेव्हल आली खाली, क्रिएटिनिन १.५ वर थांबलं ते थांबलंच. पपनसामुळेच असं सांगता येत नाही, म्हणतात. किडनी आईची आहे. तिनेही तेव्हापासून पपनस सोडलंय, जे मला अजिबात पटत नाही, पण तिला सांगणार कोण.