खेकड्याचा नेत्रदंड आणि परवान्यासाठी अडलेली फाइल

पीएच.डी.साठी मला गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या नेत्रदंडात, म्हणजे डोळ्याच्या दांड्यात, एनकेफालिनसारखे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) कुठल्या पेशींत असतात ते पाहायचं होतं. खेकडे मिळाले, काप घेतले, सगळं सुरळीत झालं. अडलं ते अँटिसीरम, म्हणजे हव्या त्या पेप्टाइडला चिकटून तो कुठे आहे ते दाखवणारं सीरम, मागवताना.

इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, ‘ओपिऑइड (अफूसारखा) पेप्टाइड’ दिसताच खरेदी विभागाने शेरा मारला : अमली पदार्थाचा परवाना जोडावा. मी जाऊन सांगितलं, हे सशाच्या रक्तातलं सीरम आहे, स्लाइडवर टाकायचं, यात अफूचा अंशही नाही. उत्तर आलं, "लेखी द्या." लेखी दिलं, तर त्यावर विभागप्रमुखांची सही हवी. सही आणली, तर संबंधित साहेब रजेवर. इकडे 31 मार्च जवळ येत होता आणि निधी परत जाणार होता. अजून आठवलं की संताप होतो, कारण प्रश्न पाच मिनिटांत सुटण्यासारखा होता.

एनकेफालिन म्हणजे पाच अमिनो आम्लांची साखळी. ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये ती डुकराच्या मेंदूतून वेगळी काढली. अफूतलं मॉर्फिन पेशींवरच्या ज्या ग्राहींवर बसतं त्यांवरच ती बसते, एवढंच काय ते नातं. आणि ती आपल्या सगळ्यांच्या मेंदूत तयार होते! आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याला मेथिओनिन-एनकेफालिन (एनकेफालिनचा एक प्रकार) टोचलं तर रक्तातली साखर वाढते. नेत्रदंड काढलेले असतील तर वाढत नाही. म्हणजे हा पेप्टाइड नेत्रदंडातल्या संप्रेरकामार्फत काम करतो. हे शोधण्यासाठी परवाना कसला?

शेवटी दोन कागदांनी फाइल हलली : पुरवठादाराचं माहितीपत्रक आणि औषधशास्त्राच्या प्राध्यापकांचं एक पानी पत्र. असं अँटिसीरम मागवणार असाल तर तुम्ही ते इंडेंटसोबतच जोडा.

हो, पार्सल शुक्रवारी पाठवू नका असं पुरवठादाराला बजावून सांगा. शनिवार-रविवार ते आवक विभागात पडून राहिलं तर त्यातला कोरडा बर्फ उडून जातो. आलं की लगेच छोट्या नळ्यांत वाटून गोठवा. नुकतीच कात टाकलेले खेकडेही घेऊ नका, त्यांची संप्रेरकं वेगळीच चाललेली असतात.

नेत्रदंडातल्या सायनस ग्रंथीत (इथे संप्रेरकं साठतात) अँटिसीरम चिकटल्याची खूण म्हणून तपकिरी रंग उमटला तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, अँटिसीरम दुसऱ्याच एखाद्या घटकालाही चिकटू शकतं. ते आधी शुद्ध एनकेफालिनमध्ये मिसळून दुसऱ्या स्लाइडवर टाका. तिथे रंग आला नाही तरच ‘एनकेफालिनसारखा पेप्टाइड’ असा निष्कर्ष लिहा. हे शुद्ध पेप्टाइड त्याच इंडेंटमध्ये मागवा, नाहीतर पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहावं लागेल.