थार १/१५

"अरे, काही झालेलं नाही, फक्त गाडी बंद पडलीय."

रविवारी दुपारी पावणेतीनला मित्राचा फोन आला, तेव्हा मी जेवून आडवा झालो होतो. त्याच्या मागे पाण्याचा आवाज येत होता. पावसाचा नव्हे, वाहत्या पाण्याचा.

"पाण्यात आहेस का?"

"होतो. आता गावातल्या पोरांनी बाहेर ढकललीय."

"बरं, आता चावीला हात लावू नकोस. स्टार्टर मारायचा नाही."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "नाही, नाही. मारत नाही."

तारीख २३ जुलै २०२३. त्याच आठवड्यात, बुधवारी रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. टीव्हीवर दुसरं काही चालू नव्हतं. शनिवारी तो चावी न्यायला आला तेव्हा आई म्हणाली होती, "या दिवसांत डोंगरात कशाला रे जाताय पोरांना घेऊन?" तो म्हणाला, "काकू, लोणावळ्याच्या पुढे फक्त चक्कर मारून येतो. आणि गाडी बघा ना कुठली आहे!" खरं तर तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. पण पाचवीपासूनचा मित्र. त्याच्या स्कूटरवर मी सगळं इंजिनिअरिंग काढलंय. अशा माणसाला चावी देताना आपण विचार करत नाही, चावी कुठे ठेवलीय एवढंच आठवतो.

गाडी म्हणजे थार. डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर, जानेवारी २०२१ची. चावी देताना मी त्याला दहा मिनिटं छोट्या लिव्हरचं, म्हणजे ताकद दोन चाकांना द्यायची की चारही, ते ठरवणाऱ्या दांड्याचं, व्याख्यान दिलं. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून वळणं घ्यायची नाहीत, पुढची-मागची चाकं एकाच गतीने फिरायला बांधली जातात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर येतो, फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) लावताना गाडी थांबवायची, वगैरे. जुलैत मुळशी तालुक्यात कोरडं डांबर शोधूनही सापडणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाण्याबद्दल मात्र एकच वाक्य बोललो, "पाण्यात घालू नकोस." त्यावर तो हसला. "साडेसहाशे मिलिमीटर!" गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते, त्याचा कंपनीने दिलेला हा आकडा त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ होता.

पुढचं सगळं मी नंतर तुकड्यातुकड्यांनी जुळवलं. लोणावळ्याहून कोरीगडाच्या पायथ्याने, आंबवणे, सालतर करत ते भांबुर्ड्याला पोचले. घनगडाचा डोंगर ढगातच होता. परत फिरायचं सोडून कोणीतरी सांगितलेल्या धबधब्याकडे वळले. वाटेत ओढ्यावर एक फरशी. फरशी म्हणजे पूल नव्हे, पाणी वरून जाणारच असा सिमेंटचा पट्टा. जाताना पाणी घोट्याएवढं होतं. दीड तासाने परतताना मांडीला लागत होतं. वर डोंगरात पाऊस झाला की ओढ्याला तेवढा वेळ पुरतो.

साडेसहाशे मिलिमीटर म्हणजे साधारण गुडघ्याच्या वर एक वीत. पण ते हळू जाणाऱ्या गाडीसाठी. फोर-लो, पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर. मग बंपरपुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनापाशी पाणी थोडं खाली राहतं. मित्राने टू-व्हीलमध्ये, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर, दुसऱ्या गिअरमध्ये, धावत येऊन उडी मारल्यासारखी गाडी घातली. "वेगात गेलं की पटकन पार होतं ना." मधोमध पाणी बोनेटवरून काचेवर आलं. इंजिनने हवेबरोबर पाणी ओढलं आणि ठप्प झालं.

रोडसाईड असिस्टन्सची फ्लॅटबेड पौडकडून यायला रात्रीचे साडेआठ वाजले. ती मोठ्या रस्त्यापर्यंतच आली. तिथवर थार एका ट्रॅक्टरने ओढत आणली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत. वहिनींना आणि मुलांना घरात बसवून चहा मात्र दिला. फ्लॅटबेडच्या ड्रायव्हरने पावतीवर गाडी कुठून उचलली ते लिहिलं: भांबुर्डे, पाण्यात बंद. ही पावती पुढे फार उपयोगी पडली, पण मला वाटलं होतं त्या कामासाठी नव्हे.

सोमवारी सकाळी वर्कशॉपच्या फोरमननी सगळ्यात आधी एअर फिल्टर काढला. पिळला तर धार लागली. मग डिपस्टिक. तेल दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "साहेब, बंद पडल्यावर स्टार्टर किती वेळा मारला?"

मी मित्राकडे बघितलं. "एकदाही नाही," तो म्हणाला.

दोन दिवसांनी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवलं. पाणी कारंज्यासारखं उडालं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वर येताना बाकीच्यांपेक्षा खाली थांबत होता. म्हणजे पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला. कारण साधं आहे: हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पूर्ण जोराने वर येतो, पुढे पाणी, जायला जागा नाही. मग जो भाग सगळ्यात आधी हार मानेल तो वाकतो. डिझेल इंजिनात दाब मुळातच जास्त, त्यामुळे माफी कमी. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या, तेलातही पाणी उतरलं होतं. गंमत म्हणजे केबिन शाबूत होती. थारच्या फ्लोअरला पाणी सोडायची बुचं असतात, ती उघडली, विषय संपला. गाडी आतून धुता येते, इंजिन नाही.

वॉरंटीत बसेल का, हा माझा भाबडा प्रश्न. तीन वर्षांची वॉरंटी अजून चालू होती. फोरमननी फक्त "पाणी" एवढंच म्हटलं.

मग पॉलिसी काढली. इथे माझी स्वतःची करणी येते. गाडी घेतली तेव्हाच्या पॉलिसीत झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा न कापण्याची सोय) होतं आणि इंजिन प्रोटेक्शनही होतं, कारण डीलरने सगळंच टाकलं होतं. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची असते, गाडीचं स्वतःचं नुकसान मात्र दरवर्षी नव्याने घ्यायचं. जानेवारी २०२३ला ते मी मोबाईलवर रात्री अकराला केलं. एकेक चौकोन बघत गेलो आणि इंजिन प्रोटेक्शनची टिक काढली. दोन हजारांच्या आसपास वाचले. तेव्हा बायकोला सांगितलंही होतं, कौतुकाने.

साध्या पॉलिसीत, झिरो डेप असलं तरी, पाण्याने जे थेट खराब झालं ते मिळतं. पाणी आत असताना इंजिन फिरलं म्हणून जे मोडलं, त्याला ते 'परिणामी नुकसान' म्हणतात आणि हात वर करतात. झिरो डेपने फक्त घसारा वाचतो. पाच वेळा वाचल्यावर मला हे समजलं. घ्यायच्या आधी एकदा वाचलं असतं तर चार वेळा वाचली असती.

त्या रात्री मित्राचा फोन आला. कोणीतरी त्याला सल्ला दिला होता. "आपण असं सांगू, की सोसायटीत गाडी उभी होती आणि पावसाचं पाणी शिरलं. गाडी चालूच नव्हती, म्हणजे इंजिन फिरण्याचा प्रश्न येत नाही."

मी लगेच नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, "बघू." अर्धा तास खरंच बघितलं. माझं पार्किंग पहिल्या मजल्यावर आहे, ही पहिली अडचण. दुसरी, ती पावती. भांबुर्डे, पाण्यात बंद, वेळ, गाडी नंबर, सगळं विमा कंपनीच्याच सेवेच्या नोंदीत. तत्त्व वगैरे नंतर सुचलं. आधी पावतीने वाचवलं. खोटा क्लेम पकडला गेला असता तर जे थोडं मिळणार होतं तेही गेलं असतं.

आणखी एक रात्र लायसन्सच्या धास्तीत गेली. गाडी मालकाच्या संमतीने दुसऱ्याने चालवली तरी विमा लागू होतो, पण चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं. मित्राचं लायसन्स २००३चं. त्या काळचं लायसन्स वीस वर्षांचं असायचं, किंवा पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल ते. आमच्या वयाच्या कितीतरी लोकांची लायसन्स त्याच सुमारास संपत होती आणि कोणाच्या लक्षात नव्हतं. त्याने डिजीलॉकर उघडेपर्यंत माझ्या पोटात गोळा. नोव्हेंबर २०२३. चार महिने बाकी होते.

तेव्हाच मला दुसरी गोष्ट कळली, जी इंजिनापेक्षा महत्त्वाची होती. पॉलिसीबरोबर मालकाला पंधरा लाखांचं अपघात संरक्षण सक्तीने घ्यावं लागतं. ते मालक स्वतः चालवत असेल तर. त्या दिवशी चाकामागे मित्र होता. त्याला काही झालं असतं तर त्यातला एक रुपया वहिनींना मिळाला नसता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्व्हेअर चौथ्या दिवशी आले. शांत गृहस्थ, खिशात छोटी टॉर्च. इंजिन उघडायच्या आधी वर्कशॉपने माझ्याकडून लिहून घेतलं होतं की क्लेम नाकारला तर खोलण्या-जोडण्याची मजुरी मी देईन. हे सही करताना हात जड होतो, पण सही केल्याशिवाय इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडत नाहीत आणि हेड उघडल्याशिवाय सर्व्हेअर काही बोलत नाहीत. घटनेचा जबाब चालवणाऱ्याच्या हस्ताक्षरात हवा होता. मित्र वर्कशॉपच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लिहायला लागला. 'मी पाण्याचा अंदाज न घेता' इथपर्यंत आला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिही." सर्व्हेअरनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "निदान खरं लिहिलंत. परवाच एका साहेबांची गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये बुडाली होती." आम्ही दोघेही फोनमध्ये बघायला लागलो.

बिल शेवटी दोन लाख सेहेचाळीस हजार झालं. इंजिनचा मुख्य सांगाडा, म्हणजे ब्लॉक, वाचला म्हणून. नाहीतर आकडा वेगळाच असता. विमा कंपनीने अल्टरनेटर, स्टार्टर, सेन्सर, तुटलेला बंपर, डिफरन्शियलचं काम असं मिळून एकाहत्तर हजार मान्य केले. पंधराशे सीसीच्या वरची गाडी म्हणून त्यातून सक्तीचे दोन हजार वजा. रॉड, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट आणि त्याची मजुरी नामंजूर. मी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. उत्तर तेच आलं, फक्त जास्त नम्र भाषेत. पुढे विमा लोकपालाकडे जायचा रस्ता होता. फुकट असतो, वकीलही लागत नाही. पण टिक मीच काढलेली. काय मांडणार होतो?

राहिले एक लाख सत्त्याहत्तर हजार.

पहिल्या दिवशी मित्र म्हणाला होता, "जे होईल ते माझ्याकडे." आकडा आल्यावर तो हे वाक्य परत बोलला नाही, आणि मीही आठवण केली नाही. दहा दिवस आम्ही फक्त गाडीबद्दल बोललो, पैशाबद्दल नाही. विमा कंपनीला फॉर्म असतो, क्लेम नंबर असतो. मित्राकडे पैसे मागायला असं काहीच नसतं. बायको म्हणाली, "तू नाही विचारलंस तर तू त्याच्याशी बोलणं कमी करशील. मला माहितेय तुला." बरोबर होतं. सुरुवात झालीच होती. त्याचे मेसेज मी दोन-दोन तास उघडत नव्हतो.

शेवटी कर्वेनगरला त्याच्या घरी गेलो. बिलाची प्रत घेऊन गेलो, आणि एक हिशेब आधीच करून. टिक मी काढली, त्याचे सदतीस हजार माझे. 'नो क्लेम बोनस'चे पंचवीस टक्के गेले, पुढच्या वर्षी पस्तीस झाले असते, तेही माझ्याच खात्यात. उरले एक लाख चाळीस हजार, ते त्याचे. हा हिशेब न्याय्य आहे का, मला अजून ठरवता आलेलं नाही. टिक असती तर प्रश्नच नव्हता, हे खरं. त्याने गाडी पाण्यात घातली नसती तरी प्रश्न नव्हता, हेही खरं.

त्याने कागद दोनदा वाचला. "पन्नास लगेच देतो. बाकीचे महिन्याला सहा हजार चालतील?"

तेवढ्यात त्याचा धाकटा, दुसरीतला, आतून आला आणि माझ्या मांडीवर बसून म्हणाला, "काका, तुमची गाडी बाबांनी चार वेळा सुरू केली. ती घूं घूं करत होती आणि मग टक् झाली."

कोणीच काही बोललं नाही. वहिनी चहा आणायला उठल्या. चहा समोर होताच.

नंतर मी फोरमनना विचारलं, की ते चार वेळा स्टार्टर मारले नसते तर रॉड वाचला असता का. ते म्हणाले, "पाण्यात इंजिन थांबलं त्या झटक्यातच वाकला असेल, किंवा नंतरच्या चारांत. रॉड काय बोलणार आहे?" मला उत्तर हवं होतं, म्हणजे रागवायला एक ठाम जागा मिळाली असती.

गाडी सप्टेंबरच्या शेवटी मिळाली. ऑक्टोबरच्या पाच तारखेला यूपीआयवर सहा हजार आले, खाली शेरा: 'थार १/१५'. मग २/१५. मार्चचा हप्ता चुकला, एप्रिलला बारा हजार आले: '६ + ७/१५'. जानेवारीत पॉलिसी नवी करताना इंजिन प्रोटेक्शनवर टिक केली आणि बायकोला बोलावून दाखवली. डिसेंबर २०२४मध्ये १५/१५ आला. मी अंगठा पाठवला. त्यानेही अंगठा पाठवला.

आम्ही भेटतो, पूर्वीसारखेच. तो गाडीत बसतो, डावीकडे. हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की पहिलं मिनिटभर इंजिनमधून एक बारीक टिकटिक येते, मग जाते. फोरमन म्हणतात, काही नाही. मित्राने बोनेटला कान लावून ऐकलं आणि तोही म्हणाला, काही नाही. मला येते ऐकू.