सांगलीवरून पहिली छोटी क्रूझ: सासू-सासरे आणि पोरांना घेऊन

क्रूझचा विषय निघाला तेव्हा मामंजींनी पहिला प्रश्न टाकला, गोव्याला जायला मुंबईला कशाला जायचं? आता सांगलीच्या माणसाच्या हिशोबानं ते बरोबरच आहे हो. पहाटे गाडी काढली की कोल्हापूर, आजरा, आंबोली करत जेवायच्या वेळेला आपण गोव्यात असतो, आणि इथं उलट्या दिशेला रात्रभर रेल्वेनं मुंबई गाठायची, तिथनं जहाजात बसायचं आणि परत गोव्यालाच उतरायचं. म्हणून आम्ही गोव्याची फेरी सोडून दिली आणि वीकेंडची दोन रात्रींची घेतली, मुंबईतून सुटते, समुद्रात हिंडते आणि परत मुंबईला येते. आपल्याकडच्या लोकांना माझं हेच सांगणं आहे, पहिल्यांदा जाताय तर जहाजावर राहायला जा, कुठं पोचायला नको. गोव्याच्या फेरीत जहाज मुरगाव बंदराला म्हणजे वास्कोच्या बाजूला लागतं, तिथून उत्तरेकडचे बीच लांब, जाऊन परत वेळेत जहाजावर यायचं, म्हातारी माणसं बरोबर असली की सगळा दिवस टॅक्सीत जातो.

आम्ही गेलो ते कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस जहाजानं. जहाज नवीन नाही, १९९० चं आहे, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडं होतं, पण लांबी दोनशे मीटरच्या वर आणि अकरा डेक म्हणजे मजले, त्यामुळं पोरांना पहिल्यांदा बघितल्यावर ही बिल्डिंग आहे असंच वाटलं. पावसाळ्यात ते चेन्नईकडं जातं, त्यामुळं मुंबईतून जायचं तर सीझन साधारण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. थंडीत समुद्र शांत असतो, म्हातारी माणसं असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरा.

बुकिंगचं बोलायचं तर जाहिरातीतला आकडा बघून घरात कुणाला काही सांगू नका. त्यावर पोर्टचे चार्जेस, सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप आणि जीएसटी चढतो. एजंटला एकच वाक्य विचारायचं, "सगळं धरून, माणशी, हातात किती?" आणि ते लेखी घ्यायचं. जेवण तिकिटात असतं, दारू नाही, कॅसिनो अर्थातच नाही. जहाजात रोख चालत नाही, जो काही खर्च होईल तो जहाजाच्या कार्डावर चढतो आणि शेवटी हिशोब होतो, त्यामुळं पोरांच्या हातात ते कार्ड मोकळं देऊ नका, आइस्क्रीम आणि मॉकटेलच्या नावाखाली काय काय होतं ते मी बघितलंय.

केबिन निवडताना खरं डोकं लावा. चौघांची केबिन म्हणजे खाली दोन बेड आणि भिंतीतून उघडणारे दोन वरचे बर्थ, शिडी चढून जायचं. पोरं खूश, पण सासूबाईंना तिथं चढवणार कोण? म्हणून आम्ही दोन केबिन घेतल्या, आई-मामंजींना खिडकीची, आम्हाला आतली बिनखिडकीची स्वस्तातली. नाहीतरी आम्ही झोपायलाच तिथं होतो. आणि मळमळ होणारं कुणी असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची केबिन मागा, तिथं हलणं सगळ्यात कमी. पुढच्या टोकाची आणि अगदी वरची नको. डॉक्टरांना विचारून ॲव्होमिनसारखी गोळी आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. आम्ही आलेपाकाच्या वड्या पण नेल्या होत्या पण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाचं सोडून, त्यामुळं वड्या आणि भडंग दोन्ही रेल्वेतच संपवलं. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड पण घरीच ठेवा.

जायला महालक्ष्मी एक्सप्रेस बेस्ट. रात्री सांगलीत बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर. सातारकरांना पण हीच गाडी, फक्त तुमचं स्टेशन माहुलीला, रात्री तिथपर्यंत जायची सोय आधी बघा. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, उघडल्या उघडल्या काढा. बोर्डिंग दुपारचं असतं, तोवर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आंघोळ-बिंघोळ उरकून घ्या. बॅलार्ड पिअरला नवीन क्रूझ टर्मिनल झालंय, २०२५ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालं, तरी तिकिटावर कुठलं गेट लिहिलंय ते बघूनच टॅक्सीवाल्याला सांगा. वेब चेक-इन घरीच करा, सगळ्यांचं आधार कार्ड ओरिजिनल, पोरांचं पण, आणि तिकिटावरचं नाव आधारसारखंच पाहिजे. मोठ्या बॅगा तिथं टॅग लावून घेतात आणि त्या केबिनला उशिरा पोचतात, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, पोरांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. शाल पण, आत एसी फार गार असतो.

आता सासूबाईंचं. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा आम्हाला गावभागातून बोटीनं बाहेर काढलेलं, तेव्हापासून बोट म्हटलं की त्या नकोच म्हणायच्या. त्यामुळं सुटायच्या आधी जे सेफ्टी ड्रिल होतं, सात छोटे भोंगे आणि एक लांब, लाइफ जॅकेट घालून आपल्या कार्डावरच्या जागेवर जमायचं, त्याची मला धास्ती होती. झालं उलटंच. त्यांनी तिथल्या मुलीला चार वेळा विचारून जॅकेटचे पट्टे नीट बांधायला शिकून घेतले, मामंजींचे पण स्वतःच बांधले, आणि मला म्हणाल्या, "अगं, पुरात कुणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं." तेव्हा ड्रिलला कंटाळून केबिनमध्ये बसू नका, घाबरणाऱ्या माणसाला तर पुढं उभं करा.

सुटताना वरच्या डेकला जाच. टग म्हणजे छोट्या ताकदवान बोटी जहाजाला ढकलतात, कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्सचं दीपगृह दिसतं, आणि बंदराचा पायलट, जो जहाज बाहेर काढून देतो, तो चालत्या जहाजाच्या कुशीला लावलेल्या दोराच्या शिडीवरून खाली छोट्या लाँचमध्ये उतरतो. आमचा धाकटा दोन दिवस तेवढंच सांगत होता. थोड्या वेळानं मोबाईलची रेंज जाते, फोन एअरप्लेन मोडवर टाका, जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर बिल येतं, वायफायचे पैसे वेगळे.

जेवणाला व्हेज आणि जैन वेगळं मिळतं, उपाशी कुणी राहत नाही, पण बुफेला ऐन वेळेला गर्दी होते, अर्धा तास आधी जा. शोला पण तसंच. टॉयलेटचं फ्लश व्हॅक्यूमचं असतं, एवढ्या जोरात आवाज होतो की लहान मुलं दचकतात, आधी सांगून ठेवा, झाकण लावून दाबा. पूल लहान आहे, पोरांना सकाळी लवकर न्या.

उतरायच्या आदल्या रात्री बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि गोळ्या बाजूला काढा. उतरणं सकाळी गटागटानं चालतं, सांगलीकडं येणारी कोयना एक्सप्रेस तेव्हाच्या सुमाराला सुटते, तिच्या भरवशावर राहू नका. रात्रीची महालक्ष्मीच काढा, बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूमला ठेवा (कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत) आणि दिवसभर मुंबई फिरा. दोन्हीत एकच कन्फर्म मिळत असेल तर परतीचं घ्या, जाताना वेटिंग राहिलं तर ट्रॅव्हल्स मिळते, परत येताना थकलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन रात्री गाड्या शोधत फिरणं फार अवघड जातं.